डेटाबेस प्रमाणपत्रे, प्राथमिक

माहितीच्या साठ्याची रचना, एसक्यूएल ही प्रश्नभाषा आणि साठ्याची देखभाल यांची तोंडओळख तपासणाऱ्या परीक्षांची प्रमाणपत्रे. सॉफ्टवेअर कंपन्यांनी सुरू केलेल्या यांतल्या अनेक परीक्षा आता बंद आहेत.

बंद परीक्षा : मायक्रोसॉफ्टची 'डेटाबेस फंडामेंटल्स' (क्र. ९८-३६४) नवशिक्यांसाठी होती. 'टेक्नॉलॉजी असोसिएट' मालिकेसोबत ती ३० जून २०२२ रोजी संपली. एसक्यूएल सर्व्हरच्या 'एमसीएसए' परीक्षा त्याआधीच, ३१ जानेवारी २०२१ रोजी थांबल्या होत्या. ओरॅकलनेही ११जी आवृत्तीची ०५१ आणि १२सीची ०६१ या परीक्षा मागे घेतल्या. आवृत्ती जुनी झाली की तिला बांधलेली परीक्षाही जुनी होते. त्यात कंपन्यांचा ओढा क्लाउडकडे वळला. आधी मिळवलेले प्रमाणपत्र खोटे ठरत नाही, पण नव्या विद्यार्थ्याने त्या तयारीवर पैसे घालू नयेत.

आजचे पर्याय : मायक्रोसॉफ्टची डीपी-९००, ओरॅकलची ०७१ आणि कॉम्पटियाची डेटासिस प्लस (२०२३). डीपी-९०० च्या प्रमाणपत्राला मुदत नाही, मात्र तिचा भर अझ्युर क्लाउडच्या ओळखीवर आहे. एसक्यूएलची कसून तपासणी हवी असेल, तर ०७१ जवळची.

काय शिकावे : एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित रचना १९७० मध्ये मांडली, एसक्यूएलचे अमेरिकी प्रमाणक १९८६ चे. हा पाया अजून तोच आहे.

सुरतेत हा पाया कापडबाजाराच्या उदाहरणातूनच समजतो. ग्रे (न रंगवलेले) कापड यंत्रमागावरून रंगाई-छपाईच्या मिलमध्ये जाते, तिथून व्यापाऱ्याकडे येते, आणि माल हलला की चलन (माल पाठवल्याची पावती) फाटते. शहरातल्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांतल्या खान्देशी घरांना हे शब्द परके नाहीत. पार्टी (मिल किंवा व्यापारी), चलन आणि तागे असे तीन तक्ते करावेत. पार्टीचा पत्ता एकाच तक्त्यात ठेवावा, चलनात तिचा फक्त क्रमांक. म्हणजे पत्ता बदलला तर एकाच जागी दुरुस्ती पुरते. हेच नॉर्मलायझेशन. 'कोणत्या मिलकडे किती तागे अडकले आहेत?' याचे उत्तर काढताना जॉइन (तक्ते जोडणे) आणि ग्रुप बाय (गटवार बेरीज) दोन्ही हाताखालून जातात. त्यानंतर इंडेक्स, ट्रान्झॅक्शन आणि बॅकअप शिकावेत.

सरावाला पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलची मोफत आवृत्ती पुरते. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या बीसीएत डेटाबेस हा विषय आहे. महाविद्यालयाबाहेरच्यांना आयआयटी खरगपूरची या विषयावरची व्याख्याने एनपीटीईएलवर विनाशुल्क पाहता येतात.