हलवायाची बाटली

दिवाळीचे चार दिवस सरले की गृहिणीला एकच चिंता लागते: उरलेला फराळ टिकायचा कसा? चकली मऊ पडू नये म्हणून डब्याचे झाकण घट्ट लावावे, लोणच्यावर तेल तरंगते ठेवावे, बरणीच्या तोंडाला दादरा बांधावा, हे शहाणपण आपल्या आज्यांना कोणी शाळेत शिकवले नव्हते. शिजवलेले अन्न महिनोन्महिने टिकवण्याची युक्ती ज्याने शोधली, तोही काही पंडित नव्हता. तो पॅरिसमधला एक हलवाई होता. त्याचे नाव निकोला आपेर.

त्या काळी लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशाच्या नशिबी खारवलेले मांस आणि वाळकी बिस्किटे एवढेच असे. १७९५ च्या सुमारास आपेरने प्रयोग आरंभले. शॅम्पेनच्या जाड बाटल्यांत वाटाणे, फळे, मांसाचा रस्सा भरायचा, बूच ठोकून तारेने आवळायचे आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. बाटली फुटू नये म्हणून तिला जाड कापडाची पिशवी! फ्रेंच आरमाराने हे अन्न समुद्रावर नेऊन पारखले, ते टिकले. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक देऊ केले, पण अट अशी की कृती छापून जगजाहीर करावी. आपेरने त्याच वर्षी पुस्तक छापले आणि आपले गुपित सगळ्यांना देऊन टाकले.

त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरंड याने अशाच कृतीचे पेटंट घेतले. कल्पना एका परदेशस्थ माणसाकडून कळली, असे त्याने पेटंटातच म्हटले आहे! त्यात काचेबरोबर कल्हई केलेल्या पत्र्याचे डबेही होते. १८१३ पर्यंत लंडनमध्ये डंकिन आणि हॉल यांचा कारखाना ब्रिटिश आरमारासाठी असे डबे करू लागला. गंमत अशी की ते उघडायला छिन्नी-हातोडा लागे; डबा उघडण्याचे खास हत्यार निघायला आणखी सुमारे चाळीस वर्षे जावी लागली.

आणि अन्न टिकते का, हे खुद्द आपेरलाही नीट उमगले नव्हते. उष्णता द्यावी आणि हवा बाहेर ठेवावी, एवढे त्याने अनुभवाने जाणले होते. १८६० नंतर लुई पाश्चरने दाखवून दिले, की नासाडीचे मूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांत असते. उकळीने आतले मरतात, बूच नव्यांना आत शिरू देत नाही. हाताला जे पन्नास वर्षे आधी कळले होते, ते बुद्धीला मागाहून कळले.

ते ऐकायला आपेर उरला नव्हता. १८१४ साली पॅरिसवर चालून आलेल्या परकीय फौजांनी त्याचा कारखाना उद्ध्वस्त केला होता; १८४१ साली तो दारिद्र्यातच वारला. पेटंट घेते, तर कदाचित चार पैसे गाठीला राहिले असते. पण अन्न उष्णतेने टिकवण्याच्या या कृतीला फ्रेंच भाषेत आजही त्याच्याच नावावरून आलेला शब्द आहे. पेटंटाची मुदत संपते, शब्दाची संपत नाही.