बाटली क्रमांक ५३-एन

लसीसंबंधी वाद निघाला की एका बाजूस विज्ञान आणि दुसऱ्या बाजूस अडाणी समाज, अशी मांडणी आपण सवयीने करतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे मुल्कोवाल प्रकरण या मांडणीत बसत नाही. तेथे लोकांनी विश्वासाने दंड पुढे केले होते. घोळ झाला तो नंतर, सरकारी दप्तरात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन हे सरकारच्या बोलावण्यावरून कलकत्त्याहून मुंबईस आले. ओडेसाचे हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले, पण वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. आणि हिंदुस्थानातील वैद्यकीय खाते तर लष्करी शिस्तीच्या डॉक्टरांचे! ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोलीत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात परीक्षा झाली. न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले; टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले व दोघेही वाचले.

बडोद्याच्या वाचकांस यातील पुढचा टप्पा विशेष जवळचा वाटेल. फेब्रुवारी १८९८ मध्ये गायकवाडी मुलखातील उंडेरा गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तेथील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांना तो झाला व २६ मरण पावले. टोचलेली माणसे ७१ होती. त्यांत ८ आजारी व ३ मृत्यू. हे आकडे वाचताना लसीचा गुण पटतो, आणि एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांची अशी विभागणी आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, हेही ध्यानात येते. पुण्यात त्याआधीच घरझडती आणि सक्तीच्या विलगीकरणाने लोक चिडले होते. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या या संतापातूनच. लस मात्र ऐच्छिक होती. आगाखानांनी ती स्वतः टोचून घेऊन आपल्या खोजा समाजाचे भय घालविले.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी मोहीम आखली आणि लसीची मागणी एकाएकी वाढली. उत्पादन लवकर व्हावे म्हणून हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक अॅसिड घालण्याचे सोडून केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारली. पॅरिसमध्ये ती आधीच रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील ५३-एन या एका बाटलीतून ज्यांना टोचले, ते १९ जण धनुर्वाताने मरण पावले. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

चौकशी आयोगाने निर्णय दिला की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, ती दूषित झाली असावी. आणि कार्बोलिक वगळल्याबद्दल ठपका ठेवला. हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. परंतु साक्षीत एक गोष्ट आलेली होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडताना दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे आत वाढले असते, तर ती आल्यावाचून राहती ना. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास अशा अहवालाचे नवल वाटत नाही. दोष गावातील हातावर ठेवला, तर मोहिमेची सारी व्यवस्था चौकशीत येते. परळच्या एका परक्या माणसावर ठेवला, की फाईल बंद होते.

ती तशी बंद राहिलीही. चौकशीचे कागद प्रसिद्ध व्हायला १९०६ साल उजाडले. तोवर पंजाबातील टोचणीची मोहीम कोलमडली होती, आणि खरे कारण लोकांपुढे नसल्याने प्रत्येक बाटली संशयास्पद ठरली होती. १९०७ या एका वर्षात पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसे नेली. ही सारी मुल्कोवालमुळे गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी चार वर्षांच्या मौनाचा त्यात वाटा नव्हता, असे मला म्हणवत नाही.

कागद बाहेर आल्यावर मात्र वादाला जाहीर स्वरूप आले. मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल मिळविलेले रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून सरकारला धारेवर धरले. जुलैमध्ये रॉस, सिम्प्सन आदी दहा शास्त्रज्ञांनी संयुक्त पत्र लिहून आरोप खोटा ठरल्याचे प्रतिपादिले. नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही. ती भरली गेली होती. त्यांना कलकत्त्यास नेमण्यात आले, पण माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची मुभा उरली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन हिंदुस्थान सोडून गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. पाच वर्षांनी लोझान येथे त्यांचा अंत झाला.