दीड किलोमीटर आणि शंभर वर्षे

गेल्या जुलैत मी झ्युरिकचे सरोवर पोहून पार केले आणि पलीकडच्या काठावरचा फोटो आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पहिला प्रश्न आला, "कितवा नंबर?" दुसरा आला, "किती वेळात?" तिसरा अर्थातच मागच्या बाकावरून, "पार्टी कधी?" तिसऱ्याचे उत्तर स्नेहमेळाव्यात मिळेल. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरच नाही, कारण तिथे नंबर काढत नाहीत आणि वेळही मोजत नाहीत.

स्मरणिका समितीकडून "काहीतरी लिही, पण ऑफिसचं नको" असा निरोप आला, तेव्हा वाटले की हेच जरा सविस्तर सांगावे. माझे पोहणे जेमतेम परिच्छेदभराचे आहे. ज्या पाण्यात पोहले, त्याचा इतिहास मात्र मोठा आहे. इतिहासाचे सर पेपरात 'कारणे द्या' विचारायचे, तसा हा प्रश्न समजा : झ्युरिकच्या सरोवरात हजारो सामान्य माणसे एकाच दिवशी निर्धास्त पोहू शकतात. कारणे द्या.

आधी तो दिवस. झ्युरिक शहर सरोवराच्या उत्तर टोकाला आहे. पश्चिम काठावर मिथेनक्वाय नावाचा स्नानतट आहे, पूर्व काठावर टीफेनब्रुनेन. दोन्हींमधले अंतर १५०० मीटर. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमात दरवर्षी उन्हाळ्यात एक दिवस लोक या काठावरून त्या काठावर पोहत जातात. हवा बिघडली तर तारीख पुढे जाते. डोक्याला टोपी घालायची, आपल्या तुकडीबरोबर पाण्यात उतरायचे, आणि बचाव नौकांच्या नजरेखाली आपल्या गतीने पलीकडे जायचे. माझ्या एका बाजूला सत्तरीच्या दोन आजी गप्पा मारत पोहत होत्या, दुसरीकडे बाप आणि लेक. मी अडतिसाव्या वर्षी तरण तलावात पोहायला शिकलेली बाई. पायाखाली जमीन नाही ही जाणीव पहिली दोनशे मीटर सुटली नाही. मध्यावर उताणी होऊन थोडा वेळ तरंगले. दक्षिणेला दूर आल्प्सच्या रांगा दिसत होत्या. तोंडात दोन घोट पाणी गेले, पण थुंकून टाकावेसे वाटले नाही. झ्युरिक शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के पाणी याच सरोवरातून येते. ते खोलवरून उचलतात आणि शुद्ध करूनच नळाला सोडतात, पण सरोवर तेच.

हे असे नेहमीच नव्हते.

१८६७ साली झ्युरिकमध्ये पटकीची साथ आली. तेव्हाच्या जुन्या शहरात घराघरांमधल्या अरुंद बोळांत मैला साचत असे. शहराचा अभियंता होता आर्नोल्ड ब्युर्कली. साथीनंतर मैला उचलण्याची आणि भुयारी गटारांची नवी व्यवस्था उभी राहिली. पुढे १८८१ ते १८८७ या काळात त्याच्याच आराखड्यानुसार सरोवराच्या काठी दगडी बांध आणि फिरायचे रस्ते झाले. आज शहरातल्या ज्या चौकातून बोटी सुटतात, त्याला त्याचे नाव आहे. दरम्यान १८८४ मध्ये विषमज्वराची साथ येऊन गेली आणि शहराला पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेकडे पुन्हा लक्ष द्यावे लागले.

त्याच काळात पाण्यावर लाकडी स्नानगृहे बांधली गेली. पुरुषांचे १८६४ चे, बायकांचे १८८८ चे. घरात न्हाणीघर नसलेल्या माणसांना अंग धुता यावे, हा त्यांचा मुख्य उपयोग. बायकांचे स्नानगृह बाहेरून काही दिसू नये असे चहूबाजूंनी बंद. दोन्ही आजही चालू आहेत, आणि बायकांच्या स्नानगृहात दिवसा आजही फक्त बायकाच जातात. १९२२ मध्ये मिथेनक्वायचा मोकळा स्नानतट झाला. म्हणजे आम्ही जिथून पाण्यात उतरलो, ती जागा शंभरी ओलांडलेली आहे.

पण काठ सुधारला म्हणून पाणी सुधारले नाही. उलट झाले. घरोघरी फ्लशचे संडास आले, त्यांचे पाणी नळ्यांतून थेट ओढ्यात, नदीत आणि सरोवरात जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात कपडे धुण्याच्या पावडरींची भर पडली. पावडरीत फॉस्फेट असायचे. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेले आठवा : फॉस्फरस हे वनस्पतीचे खत. शेतात उपयोगी, पण साठलेल्या पाण्यात ते शेवाळाला मिळते. शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाऊन कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग तळाशी मासे जगत नाहीत. झ्युरिकचे सरोवर १३६ मीटर खोल आहे, त्यामुळे तळापर्यंत प्राणवायू पोहोचणे मुळातच अवघड. वरून निळे दिसणारे पाणी खालून गुदमरत होते.

देशभर हीच कथा होती. ६ डिसेंबर १९५३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये जलसंरक्षणाचे कलम राज्यघटनेत घालण्यासाठी सार्वमत झाले आणि पाचांपैकी चार मते बाजूने पडली. तरीही काम रेंगाळले. सांडपाणी प्रकल्पाला पैसा लागतो, आणि आपले घाण पाणी खालच्या गावाला जाते, आपल्याला काय, असे म्हणणारी माणसे तिकडेही होती. ओटो याग नावाचे प्राध्यापक देशाच्या जलसंशोधन संस्थेचे १९५२ ते १९७० संचालक होते. प्रयोगशाळेत न बसता ते गावोगाव व्याख्याने देत फिरले. १९६३ मध्ये त्सेरमाट या प्रसिद्ध पर्यटनस्थळी दूषित पाण्याने विषमज्वर पसरला. चारशेहून अधिक माणसे आजारी पडली, तीन दगावली. बर्फात घसरायला आलेले पाहुणे आजार घेऊन घरी गेले आणि जगभर बातमी झाली. १९६५ च्या सुमारास त्या श्रीमंत, टापटीप देशात सांडपाणी प्रकल्पाला जोडलेली लोकसंख्या होती फक्त १४ टक्के. हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला.

पुढे मासेमारांच्या संघटनेने सह्या गोळा करून सरकारवर दबाव आणला. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये नवा, कडक कायदा झाला. सरोवराच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी सांडपाणी प्रकल्प बांधले, त्यात फॉस्फरस वेगळा काढण्याची सोय केली. १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट वापरण्यावर देशभर बंदी आली. २००५ पर्यंत १४ चे ९७ टक्के झाले होते.

या हकिकतीतली एक गोष्ट मला विशेष लागली. १९५३ च्या त्या सार्वमतात एकाही बाईने मत दिले नव्हते, कारण स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्कच नव्हता. तो मिळाला ७ फेब्रुवारी १९७१ रोजी, म्हणजे कडक जलकायद्याच्या आठ महिने आधी. माझ्या शेजारून गप्पा मारत पोहणाऱ्या आजींच्या मुलीपणी त्यांच्या आयांना मत नव्हते. आपल्या आयांना होते, पण विहिरीवर पोहायला जाण्याची मुभा किती जणींना होती? पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकले ते आपले भाऊ. आपण त्यांचे कपडे सांभाळत काठावर बसलो. या बाबतीत दोन्हीकडच्या बायकांना काठावर बराच वेळ थांबावे लागले आहे.

आणि गोष्ट संपलेली नाही. या सरोवरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लालसर रंगाचे एक विषारी शेवाळ आढळते. फॉस्फरस कमी झाल्यावर ते जाईल अशी अपेक्षा होती, पण ते टिकून आहे. हिवाळे सौम्य होऊ लागल्याने वरचे आणि तळाचे पाणी पूर्वीसारखे पुरते ढवळले जात नाही, आणि त्याचा फायदा या शेवाळाला मिळतो. हे कळले, कारण शहराच्या पाणीपुरवठा विभागाने वेगवेगळ्या खोलीवरच्या पाण्याच्या नोंदी दशकानुदशके ठेवल्या आहेत. तिथे पोहणाऱ्याची वेळ मोजत नाहीत, पण पाणी मात्र न चुकता मोजतात.

आता तुमच्या मनात रंकाळा आला असणार. माझ्याही आला. आपले कोल्हापूर पोहणाऱ्यांचे गाव आहे. वीरधवल खाडे इथून बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत पदक घेऊन आला. स्पर्धा आणि पदके हवीतच. त्यातून एक माणूस वर येतो आणि आपण सगळे कॉलर ताठ करतो. पण बिननंबराच्या पोहण्याला जे लागते ते वेगळे. त्याला सगळ्या गावाचे सांडपाणी जोडलेले लागते. एक नाला सुटला तरी चालत नाही. रंकाळ्यात नाल्यांचे पाणी येऊन तो हिरवा पडलेला, जलपर्णीने भरलेला आपण पाहिला आहे. आणि त्याच रंकाळ्याशेजारी 'धुण्याची चावी' आहे. तळ्यातले पाणी चावीतून बाहेर घ्यायचे आणि धुणी तिथे धुवायची, ही समज आपल्या गावाला फॉस्फेटबंदीच्या कितीतरी आधीपासून होती. त्यामुळे 'ते स्वित्झर्लंड आहे, आपल्याकडे नाही जमायचं' हे मला पटत नाही. १९६५ चे स्वित्झर्लंड या बाबतीत आपल्याहून फार पुढे नव्हते.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला पोहण्याच्या स्पर्धेसाठी फिरती ढाल द्यावी, अशी सूचना ग्रुपवर आहे. ढाल जरूर देऊ. माझी आणखी एक सूचना आहे. शाळेच्या प्रयोगशाळेला पाणी तपासण्याचे साधे साहित्य देऊ : तापमापक, विरघळलेला प्राणवायू आणि फॉस्फेट तपासण्याचे संच, आणि एक सेकी तबकडी. ही तबकडी म्हणजे वीतभर व्यासाची, काळी-पांढरी रंगवलेली थाळी. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि कितव्या सेंटिमीटरला दिसेनाशी होते ते लिहायचे. आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही युक्ती वापरली, आणि अजून तिच्याहून स्वस्त युक्ती कोणी काढलेली नाही. नववीच्या मुलामुलींनी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रंकाळ्याच्या ठरलेल्या चार ठिकाणी नोंद घ्यायची. नोंदी साठवण्याची आणि सर्वांना पाहता येण्याची संगणकावरची व्यवस्था मी करून देते, आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारीही माझी. साहित्याचा पहिल्या तीन वर्षांचा खर्च आपल्या बॅचला जड नाही.

एका वर्षाच्या नोंदीतून काही सिद्ध होणार नाही. पण पंधरा वर्षांच्या नोंदी जवळ असल्या, तर कोणता नाला कधी वाहिला, कोणत्या उपायाने फरक पडला आणि कोणत्याने नाही, हे शाळेतली मुले आकड्यांनिशी सांगू शकतील. सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ढालीच्या खालीच घ्यावा, ही विनंती. मुख्याध्यापकांशी आणि विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलायला माझ्याबरोबर दोघे-तिघे हवेत. नावे ग्रुपवर कळवा. मागच्या बाकावरच्यांना प्राधान्य.