ए. एन. अदर

माझं माहेर रायगडातलं. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलंय. आमच्या आळीतलं एक घर गावाने बंद केलं होतं. त्या घरच्या मयताला खांदा द्यायलाही कोणी गेलं नाही. १९८४ साली डॉक्टर म्हणून साउथ वेल्सला आले, तेव्हा हाच रिवाज रग्बीत भेटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

माझ्याकडे एक म्हातारा खाणकामगार गुडघ्यासाठी यायचा. डावा कान फुलकोबीच्या तुऱ्यासारखा; स्क्रममध्ये डोकी घासून घासून होतो तसा. दर शनिवारी तो मैदानाच्या भिंतीबाहेर उभा राहून मॅच बघायचा. आत कधीच जायचा नाही.

त्याच्या आत न जाण्याचं मूळ तेव्हापासून शंभर वर्षांमागचं. उत्तर इंग्लंडात गिरण्या-खाणींतले कामगार शनिवारी खेळायला जायचे, म्हणजे खाडा पडायचा. बुडालेली मजुरी भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं मागणं. ते लंडनच्या साहेबांच्या रग्बी युनियनने फेटाळलं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात ते क्लब जमले आणि वेगळे झाले. खाड्याचे दिवसाला सहा शिलिंग ठरले. त्यातूनच पुढे रग्बी लीग उभी राहिली. युनियनवाल्यांनी नियम केला: तिकडे खेळेल तो कायमचा बाद. पैसे न घेता खेळणं हे मोठं शील मानलं गेलं, पण ते भरल्या पोटी पाळायचं शील होतं. खाणीत उतरणाऱ्याला ते कसं परवडावं? निवृत्तीनंतर आत्मचरित्राचे पैसे घेतले, एवढ्यावरून वेल्सच्या गॅरेथ एडवर्ड्ससारख्या खेळाडूवरही व्यावसायिकाचा शिक्का बसला. आणि त्याच काळात मॅचनंतर बुटात गुपचूप ठेवलेल्या नोटा सापडायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. याची मला आजही चीड येते.

जानेवारी १९८९ मध्ये वेल्सचा दहा नंबर, जोनाथन डेव्हिस, लीग खेळायला उत्तर इंग्लंडातल्या विडनेसला गेला. आठवडाभर वेटिंग रूममध्ये दुसरा विषय नव्हता. कोणी गद्दार म्हणत होतं, कोणी रडकुंडीला आलं होतं. माझा म्हातारा म्हणाला, "बरं केलं पोराने, डॉक्टर. निदान स्वतःच्या नावाने गेला."

मग त्याने सांगितलं. विशीत त्यालाही उत्तरेकडून बोलावणं आलं होतं. चाचणीची एकच मॅच. बोभाटा नको म्हणून अशा पोरांची खरी नावं छापत नसत, कार्यक्रमपत्रिकेत 'ए. एन. अदर', म्हणजे दुसरा कोणीतरी. त्याच मॅचमध्ये गुडघा गेला. करार झाला नाही. घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती, आणि गावच्या क्लबाचं, बाद केल्याचं, दोन ओळींचं पत्र आलं. ते त्याने पाकिटात घडी करून ठेवलं होतं. घड्यांवर कागद विरून जाळी झाली होती.

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसला युनियनने व्यावसायिक खेळ मान्य केला. शंभर वर्षं भरायला दोन-तीन दिवस कमी होते. डेव्हिस कार्डिफ क्लबात परतला आणि पुन्हा वेल्सची लाल जर्सी घालून १९९७ पर्यंत खेळला.

१९९५ च्याच हिवाळ्यात एका शनिवारी मी म्हाताऱ्याला क्लबहाउसच्या दारात पाहिलं. टोपी काढून हातात धरली होती. दारावरच्या मुलाने पाहुण्यांची वही पुढे केली. त्याने चष्मा लावला आणि सावकाश, मधल्या नावासकट, आपलं पूर्ण नाव लिहिलं.