माणसाची अश्वशक्ती आणि माथेरानची वाट



इमारतीच्या पाण्याच्या पंपावर ‘एक हॉर्सपॉवर’, ‘दोन हॉर्सपॉवर’ असे लिहिलेले आपण नेहमी पाहतो. पण आपल्या शरीरात किती अश्वशक्ती आहे, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

हे माप ठरविले जेम्स वॅट याने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वाफेची इंजिने विकत असे. गिऱ्हाइकांना घोड्याच्या कामाची कल्पना होती, यंत्राच्या कामाची नव्हती. म्हणून त्याने घोड्याचाच हिशेब धरला. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापात ती ७४६ वॅट होते.

आता शाळेचा जिना घ्या. ५० किलो वजनाचा विद्यार्थी सहा मीटर उंची चार सेकंदांत धावत चढला, तर त्या चार सेकंदांत तो जवळजवळ एक अश्वशक्ती निर्माण करतो. पण लगेच त्याला धाप लागते. दिवसभर काम करावयाचे तर निरोगी माणूस साधारण ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा एक दशांश भागच देऊ शकतो. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता होऊन जाते. घाम येतो तो त्यामुळेच.

उपनगरातील आपली मुले सहलीसाठी नेरळला उतरतात आणि माथेरान पायी चढतात. ही चढण सुमारे ७५० मीटर उंचीची आहे. ६० किलोचा मुलगा ती तीन तासांत चढला, तर स्वतःचे वजन वर नेण्यास त्याने सरासरी ४१ वॅट खर्च केले. एक अश्वशक्तीचे यंत्र तेवढेच वजन तेवढ्याच उंचीवर दहा मिनिटांत नेईल!

याच डोंगराच्या इतिहासात हा हिशेब माणसांच्या जीवनाशी जोडला गेला आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानची जागा शोधली. वर जाण्यास तेव्हा पाय, घोडे आणि माणसांचे खांदे एवढीच साधने होती. मुंबईचे दानशूर व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १६ लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरच्या नागमोडी वाटेवर वाफेच्या इंजिनाने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरविले.

परंतु सगळे ओझे उतरले नाही. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथून पुढे तांबड्या मातीच्या चढावर प्रवाशाला घोडा मिळे, नाहीतर हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढी, दोघे मागून ढकलीत. हिशेब करा. दिवसभराच्या कामात तिघांची मिळून शक्ती एका अश्वशक्तीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. शेजारून घोडा चालला आहे आणि माणूस घोड्याचे काम करीत आहे, असे ते दृश्य होते.

रिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच ई-रिक्षांची मागणी केली व ती न्यायालयापर्यंत नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरविली. सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करावी आणि या श्रमिकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. पोटाची सोय न करता नुसती बंदी घातली असती तर तो न्याय अर्धाच राहिला असता.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलांनी वा आजोबांनी हातगाडी ओढून, गोणी वाहून मुलांची फी भरलेली आहे. त्यांच्या शरीरातही अश्वशक्तीचा एक दशांशच होता. तेवढ्या बळावर त्यांनी संसार उभा केला. त्यांच्या श्रमाची लाज बाळगू नका. पण तेच ओझे पुढच्या पिढीच्या पाठीवर राहू नये, यासाठी मन लावून शिका. यंत्र बनविणारी, चालविणारी आणि त्याचा लाभ श्रमिकापर्यंत पोहोचविणारी बुद्धी अश्वशक्तीत मोजता येत नाही.