घरगुती नेटवर्कवरील फाइल व प्रिंटर शेअरिंग : हैदराबाद

एका घरातल्या संगणकांनी राउटरमार्फत एकमेकांची फोल्डरे आणि एकच प्रिंटर वापरण्याची व्यवस्था. तिला इंटरनेट लागत नाही. राउटरला वीज असली की पुरे. हैदराबादेत हे मुद्दाम सांगावे लागते. २०१७ साली एसीटी फायबरनेटने या शहरात सेकंदाला १ गिगाबिटची घरगुती जोडणी आणली, तेव्हापासून वेग म्हणजे घेतलेल्या प्लॅनचा वेग असा समज सहज होतो. पण हॉलमधल्या संगणकावरून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर जाणारी फाइल बाहेरच्या फायबरवर जातच नाही. तिचा वेग ठरतो घरातल्या तारेवर आणि वायफायवर. लग्नाचे १० जीबीचे व्हिडिओ १०० मेगाबिटच्या तारेवरून न्यायला पाव तास लागतो, गिगाबिटच्या तारेवरून दीड-दोन मिनिटे. तारेतल्या चार जोड्यांपैकी एक जरी तुटली असली तरी गिगाबिटची जोडणी मुकाट्याने १००वर उतरू शकते आणि दोष राउटरला लागतो.

या देवघेवीची मुख्य बोली म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक, अर्थात एसएमबी. तिचा पाया १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घातला. १९९२च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे ती लहान कचेऱ्यांत पोचली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारे संदेश तपासून ‘सांबा’ची पहिली आवृत्ती तयार केली आणि युनिक्स-लिनक्सची यंत्रेही ही बोली बोलू लागली. घरच्या राउटरला पेन ड्राइव्ह लावून तो सगळ्यांना दिसतो, तेव्हा आत बहुधा सांबाच चाललेले असते.

हैदराबादेत मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र १९९८ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सायबर टॉवर्स या आयटी इमारतीचे उद्घाटन झाले. घरच्या वापराचे संगणक, तारा, टोनर यांसाठी मात्र शहर आजही सिकंदराबादेत पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरकडे, म्हणजे बोलीतल्या सीटीसीकडे वळते. घरोघरी राउटर येण्याआधी केबलवाल्याची इथरनेट तार थेट संगणकात खोचली जाई. जिथे ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नसे, तिथे ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडताच शेजारच्या बिल्डिंगमधली फोल्डरेही दिसत. घर आणि गल्ली यांच्यातली भिंत राउटरने घातली.

आता अडचण उलटी आहे : भिंती जास्त झाल्या आहेत. कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यात एक राउटर असतो. त्याची रेंज बेडरूमपर्यंत पोचत नाही म्हणून लोक दुसरा आणून जोडतात. दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटू लागले की एका घरात दोन नेटवर्के होतात. प्रिंटर १९२.१६८.१ या मालिकेत, लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये, इंटरनेट दोघांनाही मिळते, पण संगणकांच्या यादीत एकाला दुसरा दिसत नाही. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकणे हा त्यावरचा उपाय. पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट’ वायफायही असेच घरातल्या यंत्रांपासून तोडलेले असते, आणि तसेच ते असावे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या नावांनी मात्र बिचकू नये. स्वस्त प्रिंटर फक्त २.४ वर चालतात, पण एकाच राउटरचे हे दोन्ही पट्टे सहसा एकाच नेटवर्कात असतात.

विंडोजवर फोल्डर खुले करण्याआधी त्या जोडणीचा प्रकार ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ आहे ना, ते पाहावे. एअरपोर्ट किंवा कॅफेतल्या वायफायला ‘पब्लिक’च ठेवावे. मग फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘शेअरिंग’ चालू करून कोणाला फक्त वाचता येईल आणि कोणाला बदल करता येतील हे ठरवायचे. येथे दोन कुलपे असतात. एक शेअरचे, दुसरे डिस्कवरच्या फाइलींचे. दोन्हींत जे कडक तेच लागू होते. शेअरला सगळी मुभा देऊनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येते त्याचे कारण बहुधा दुसऱ्या कुलपात सापडते. दुसऱ्या संगणकावरून दार ठोठावले की नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तेथे रोजचा चार आकडी पिन चालत नाही, कारण पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि तो घरात कोणाला आठवत नाही. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे ज्याचे फोल्डर आहे त्या संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक स्थानिक खाते काढून त्याला पासवर्ड द्यावा.

या कटकटीला कंटाळून पासवर्डच काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नये; सोयीसाठी केलेली ढिलाई कशी महागात पडते ते एसएमबीच्याच इतिहासात दिसते. एसएमबीची पहिली आवृत्ती दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिली ती जुनी यंत्रे बंद पडू नयेत म्हणून. तिच्यातील दोषावरचा दुरुस्ती-संच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी काढला. तो न बसवलेल्या संगणकांवर १२ मेपासून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरला. जगभरच्या यंत्रांबरोबर आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील विंडोज १०च्या अद्ययावतीकरणापासून ही पहिली आवृत्ती नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये येईनाशी झाली. जुन्या नेटवर्क डिस्क आणि स्कॅन थेट फोल्डरात टाकणारी जुनी यंत्रे ‘अचानक’ दिसेनाशी झाली ती यामुळे. ती दिसावीत म्हणून पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणे हा वाईट सौदा आहे. पेन ड्राइव्हने काम भागवावे. एकाच पासवर्डवर घर जोडणारे विंडोज ७पासूनचे ‘होमग्रुप’ही २०१८ साली विंडोज १०मधून काढून टाकण्यात आले. ते सोपे होते आणि त्याची हळहळ वाटणारे अजून भेटतात.

प्रिंटर वाटण्याच्या दोन रीती. जुनी रीत म्हणजे यूएसबीने एका संगणकाला जोडायचा आणि त्या संगणकाने तो इतरांना द्यायचा. तो संगणक बंद असला की छपाई बंद. शिवाय २०२१च्या मध्यास विंडोजच्या छपाई-यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष उघड झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तामुळे ड्रायव्हर बसवायला व्यवस्थापकाचा अधिकार लागू लागला आणि सप्टेंबरपासून अनेकांना शेअर केलेल्या प्रिंटरशी जोडताना ११बी हा त्रुटी-क्रमांक दिसू लागला. रजिस्ट्रीत बदल करून जोडणीची सुरक्षा-तपासणीच बंद करायची, हा त्यावरचा लोकप्रिय तोडगा म्हणजे दार अडकते म्हणून कडी काढून ठेवणे. दोन्ही संगणक अद्ययावत करणे हाच बरा मार्ग.

दुसरी रीत म्हणजे प्रिंटर स्वतःच वायफायने किंवा तारेने राउटरला जोडणे. घरासाठी हीच चांगली. आयफोनवरून ‘एअरप्रिंट’ने (२०१०पासून) आणि अँड्रॉइडवरून ‘मोप्रिया’ने वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापता येते. तिच्यातली नेहमीची तक्रार एकच : वीज जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’. राउटर पुन्हा सुरू होताना यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो, प्रिंटरला वेगळा क्रमांक मिळतो आणि संगणक जुन्याच क्रमांकावर कागद पाठवत बसतो. राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हे थांबते. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवावा. लेझर प्रिंटर मात्र ठेवू नये, कारण त्याचा तापक चालू होताना एकदम ओढत असलेली वीज घरगुती यूपीएसला झेपत नाही.

काचीगुडा, कोठी, सुलतान बाजार या भागांत मराठी वस्ती जुनी आहे. तिथल्यासारख्या मराठी घरातल्या संगणकावर मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांच्या फाइली शेजारी शेजारी असू शकतात. युनिकोड देवनागरी विंडोज २०००पासून आणि तेलुगू विंडोज एक्सपीपासून संगणकातच येत असल्याने या लिप्यांतील फाइलींची नावे एसएमबीवरून सहसा नीट जातात. घोटाळा होतो तो श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या मजकुराचा. अशी फाइल शेअर केली तर उघडणाऱ्या संगणकावर तो फाँट हवाच. नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. प्रिंटर शेअर केला तर मात्र पानाची मांडणी बहुधा छापणाऱ्याच्याच संगणकावर होते, म्हणून प्रिंटरकडे किंवा मधल्या संगणकाकडे फाँट असण्याची गरज नसते. आजोबांनी वीस वर्षांपूर्वी श्रीलिपीत टंकलेली वंशावळ नातवाला हवी असेल, तर ज्या संगणकावर ती नीट दिसते तिथेच तिची पीडीएफ करून ती शेअर करावी. फाँट त्या पीडीएफमध्ये गुंफला जातो.