'कल्पना' नावाची कंपनी आणि इथरनेटमधून नाहीसा झालेला 'इथर'

१/ कार्यालयाच्या कोपऱ्यातील कपाटात लुकलुकणारा इथरनेट स्विच सहसा कोणी निरखून पाहत नाही. त्यावर ओळीने मांडलेले पोर्ट म्हणजे केबल खोचण्याच्या खाचा, एवढेच वाटते. प्रत्यक्षात 'प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पोर्ट' ही रचना एका जुन्या वादाचा निकाल आहे.

२/ २२ मे १९७३. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि त्यात 'इथरनेट' हे नाव योजले. प्रकाशलहरी वाहून नेणारा सर्वव्यापी 'इथर' एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राने गृहीत धरला होता. विज्ञानाने तो पुढे मोडीत काढला. नाव मात्र असे परत आले.

३/ मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या जाळ्यात इथरची भूमिका एका समाईक कोॲक्सियल केबलने बजावली. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. प्रत्येक संगणकाने आधी ऐकायचे. केबल मोकळी असेल तरच बोलायचे. दोघे एकदम बोलले की टक्कर. मग दोघांनीही थांबून, कमीअधिक वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. हवाई विद्यापीठातील अलोहानेट या रेडिओ जाळ्यापासून ही प्रेरणा मिळाली होती.

४/ १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी १० मेगाबिटचे इथरनेट जाहीर केले. १९८३ मध्ये त्याला आयईईईची मान्यता मिळाली. जाड केबलचा एक तुकडा कमाल ५०० मीटरचा. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण आणि तेथेच भोक पाडून जोडणी. या जोडणीचे नावच 'व्हॅम्पायर टॅप'. केबल एका जागी तुटली तरी त्या तुकड्यावरील सर्वांचाच संवाद बिघडे.

५/ प्रतिस्पर्धी होती आयबीएमची टोकन रिंग. तिथे बोलण्याची पाळी ठरलेली, म्हणून टक्कर नाही. तिच्या समर्थकांचा आक्षेप नेमका होता: यंत्रे वाढली की टकरी वाढतील आणि इथरनेट स्वतःच्याच गर्दीत गुदमरेल. आक्षेप निराधार नव्हता.

६/ १९९० मध्ये पिळाच्या तारांचे इथरनेट प्रमाणित झाले. प्रत्येक संगणकाची तार आता मधल्या हबपर्यंत येऊ लागली. पण हब एका पोर्टवर आलेला संदेश उरलेल्या सर्व पोर्टांवर पाठवी. बाहेरून तारा वेगळ्या. आतून तीच सामायिक केबल!

७/ उत्तराची अर्धी वाट आधीच तयार होती. ब्रिज हे उपकरण कोणता पत्ता कोणत्या बाजूला आहे हे संदेश पाहून शिके आणि गरज असेल तरच संदेश पलीकडे सोडी. अनेक ब्रिज जोडताना संदेश वर्तुळात फिरत राहू नयेत, याची रीत डिजिटलमधील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली: स्पॅनिंग ट्री.

८/ उरलेली वाट सिलिकॉन व्हॅलीतील एका छोट्या कंपनीने चालून दाखवली. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून कंपनीचे नाव ठेवले 'कल्पना'. १९९० च्या सुमारास तिने सात पोर्टांचा 'इथरस्विच' बाजारात आणला. अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच तो हाच मानला जातो.

९/ संदेशाच्या आरंभीच प्राप्तकर्त्याचा सहा बाइटांचा पत्ता असतो. तो वाचताच हे यंत्र उरलेला संदेश येण्याची वाट न पाहता तो योग्य पोर्टकडे वळवू लागे. परिणामी अनेक जोड्या एकाच वेळी बोलू शकत. दोन स्विचांमधल्या अनेक तारा एकत्र करून एकच रुंद मार्ग बनवण्याचे 'इथरचॅनेल' तंत्रही कल्पनाचेच. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

१०/ १९९७ मध्ये एकाच जोडणीवर एकाच वेळी बोलण्या-ऐकण्याची सोय प्रमाणित झाली. अशा जोडणीवर टक्कर संभवतच नाही. ज्या आक्षेपावर वाद उभा होता, त्याचा पायाच निखळला. टोकन रिंग मागे पडण्यात किमतीचाही वाटा होता. पण इथरनेटची मूळ उणीव स्विचने दूर केली.

११/ आजच्या स्विच मॉड्यूलवर तांब्याच्या तारेचे आणि प्रकाशतंतूचे पोर्ट शेजारी नांदतात. वेग दोन्ही टोके आपसांत ठरवतात. २००३ पासून त्याच तारेतून वीजही देता येते. एवढ्या स्थित्यंतरात संदेशाचा मूळ साचा मात्र टिकला, म्हणून जुने संगणक न बदलता मधले यंत्र बदलता आले. क्रांती झाली ती मध्यभागी, आणि कडेच्या यंत्रांना तिचा पत्ताही लागला नाही.

१२/ अशा रीतीने 'इथर' दुसऱ्यांदा नाहीसा झाला: आधी भौतिकशास्त्रातून, मग तारांतून. नाव तेवढे उरले.